मराठी पॉडकास्ट आणि व्हिडिओ करणाऱ्यांना खुले पत्र: सीआयए आणि कोकेनची गोष्ट नोंदींप्रमाणे सांगा

मराठीतून जागतिक राजकारण, गुप्तहेर संस्था आणि गुन्हेगारी या विषयांवर कार्यक्रम करणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या कार्यक्रमांत एक गोष्ट वारंवार येते. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या उद्ध्वस्त करण्याच्या हेतूने क्रॅक कोकेन (कोकेनच्या पुडीपासून बनवलेले, ओढण्याचे स्वस्त रूप) तयार केले, ते लॉस एंजेलिसमध्ये पद्धतशीरपणे पेरले आणि हे उघडकीस आणणाऱ्या गॅरी वेब या पत्रकाराचा काटा काढला, अशी ती गोष्ट आहे. ऐकणाऱ्याला ती खिळवून ठेवते. पण आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांवर तिच्यातले एकही विधान टिकत नाही, आणि ती या स्वरूपात सांगणे आपण थांबवावे, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. सीआयए निर्दोष होती असे माझे मुळीच म्हणणे नाही. तिच्याविरुद्ध जे खरोखर सिद्ध झाले आहे ते या रंगवलेल्या गोष्टीखाली गाडले जाते आणि त्याचा फायदा ज्यांनी उत्तर द्यायला हवे होते त्यांनाच होतो, ही माझी तक्रार आहे.

मी मुंबईत अमली पदार्थांच्या खटल्यांत बचाव पक्षाचे काम करते. या खटल्यांत सारा दिवस नोंदींवर जातो. मुद्देमालाचे पाकीट न्यायालयात उघडले जाते तेव्हा त्यावरचे लाखेचे सील शाबूत आहे का, चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोन्ही पंचांच्या सह्या आहेत का, पंचनाम्यातले वजन आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातले वजन जुळते का, पाकीट पोलीस ठाण्यातून प्रयोगशाळेत कोणी आणि कोणत्या दिवशी नेले याची मुद्देमाल रजिस्टरात नोंद आहे का, हे सगळे एकेक करून पाहावे लागते. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. पंच किंवा पोलीस साक्षीदार आपण प्रत्यक्ष पाहिले त्याहून जास्त सांगू लागला, की उलटतपासात त्याचे खरे पाहिलेलेही वाहून जाते. बचावाचा वकील त्याच्या खऱ्या भागाला हातच लावत नाही. तो वाढवून सांगितलेला भाग धरतो, तो खोटा पाडतो आणि न्यायाधीशांना विचारतो की, अशा माणसाच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा? सीआयए आणि कोकेनच्या प्रकरणात नेमके हेच घडले, फक्त न्यायालयाच्या जागी वर्तमानपत्रे होती.

आता नोंदी काय सांगतात ते पाहू.

१९७९च्या जुलैमध्ये निकाराग्वातली सोमोझा घराण्याची हुकूमशाही सँडिनिस्टा क्रांतिकारकांनी उलथवली. हे डाव्या विचारांचे सरकार रेगन प्रशासनाला नको होते आणि १९८१च्या अखेरीस अध्यक्ष रेगन यांनी त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना गुप्त मदत देण्यास मंजुरी दिली. हे काम सीआयएकडे आले. पुढे अमेरिकी काँग्रेसने बोलंड दुरुस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदींनी या मदतीवर आधी मर्यादा घातली आणि १९८४च्या ऑक्टोबरपासून ती जवळपास पूर्ण बंद केली. पैसा आटला, पण युद्ध थांबले नाही. होंडुरास आणि कोस्टा रिकातल्या तळांवर माल उतरवणारी छोटी विमाने, धोका पत्करणारे वैमानिक, जंगलातल्या धावपट्ट्या आणि कागदोपत्री दुसराच व्यवसाय दाखवणाऱ्या कंपन्या, असा सारा सरंजाम काँट्रांच्या युद्धासाठी उभा राहिला होता. कोलंबियाहून उत्तरेकडे निघालेल्या कोकेनलाही हाच सरंजाम हवा होता. दोन्ही कामे एकाच विमानाने होऊ शकत होती आणि काही ठिकाणी ती झालीही.

हे १९८५च्या डिसेंबरमध्येच असोसिएटेड प्रेसच्या रॉबर्ट पॅरी आणि ब्रायन बार्गर या वार्ताहरांनी लिहिले होते. त्यानंतर सिनेटर जॉन केरी यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेटच्या उपसमितीने साक्षी घेतल्या आणि १९८९च्या एप्रिलमध्ये तिचा अहवाल आला. काँट्रांना ‘मानवतावादी’ साहित्य पोहोचवण्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ज्या कंपन्यांना पैसे दिले, त्यांतल्या चार कंपन्या अमली पदार्थांच्या तस्करांच्या मालकीच्या किंवा त्यांनी चालवलेल्या होत्या, असे त्यात नमूद आहे. या चार कंपन्यांना मिळून ८ लाख ६ हजार डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली. त्यांतल्या काहींना पैसे दिले गेले तेव्हा संबंधित तस्करांवर अमेरिकेतच आरोप ठेवले गेले होते किंवा त्यांची चौकशी चालू होती. हा अहवाल अमेरिकेच्या सिनेटचा आहे, सही-शिक्क्यानिशी छापलेला आहे आणि गेली ३५हून अधिक वर्षे कोणालाही वाचता येतो. आपल्या कार्यक्रमांत मी त्याचा उल्लेख क्वचितच ऐकला आहे.

आणखी एका घटनेकडे आपले लक्ष वेधते, कारण वकिलाच्या नजरेला ती फार बोलकी वाटते. १९८३च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात पाणबुड्यांचा पोशाख घातलेली माणसे एका कोलंबियन जहाजावरून कोकेन किनाऱ्यावर आणताना पकडली गेली. माल सुमारे ४३० पौंड, म्हणजे १९० किलोंहून अधिक होता. या प्रकरणातल्या एका आरोपीकडे सुमारे ३६ हजार डॉलर रोख सापडले आणि ते जप्त झाले. आरोपीने सांगितले की, हे पैसे काँट्रांचे आहेत. त्याच्या म्हणण्याला दुजोरा देणारी काँट्रा पुढाऱ्यांची पत्रे आली आणि बचाव पक्षाने कोस्टा रिकात जाऊन साक्षी नोंदवण्याची परवानगी मागितली. त्या साक्षी झाल्या असत्या, तर काँट्रा आणि सीआयए यांच्यातले संबंध शपथेवर नोंदले गेले असते. सीआयएच्या वकिलांनी न्याय खात्याशी संपर्क साधला. त्यानंतर सरकारने जप्त रक्कम परत केली आणि कोस्टा रिकातल्या साक्षी झाल्याच नाहीत. अमली पदार्थांच्या खटल्यातून जप्त झालेली रोकड परत मिळवणे किती कठीण असते, हे ज्यांनी अशा अर्जांवर युक्तिवाद केले आहेत त्यांना मी सांगायला नको. इथे ती परत गेली आणि तिच्याबरोबर एक संपूर्ण साक्षीची शक्यता गेली. हा तपशील सीआयएच्याच महानिरीक्षकांच्या, म्हणजे संस्थेच्या कारभाराची आतून तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, १९९८च्या अहवालात आहे.

पण या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा कागद कोणता, असे मला विचारले, तर मी ११ फेब्रुवारी १९८२च्या पत्राकडे बोट दाखवीन. अमेरिकेचे तत्कालीन ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, विल्यम फ्रेंच स्मिथ यांनी ते सीआयएचे संचालक विल्यम केसी यांना लिहिले. पार्श्वभूमी अशी, की गुप्तहेर संस्थेला कोणत्या गुन्ह्यांची माहिती मिळाल्यावर ती न्याय खात्याला कळवणे बंधनकारक असावे, याबद्दल त्या दोन्ही खात्यांमध्ये एक करार ठरत होता. संस्थेच्या पगारी नोकरांसाठी वेगळे नियम होते. नोकर नसलेले, म्हणजे संस्थेसाठी काम करणारे खबरी, हस्तक, कंत्राटी वैमानिक आणि मित्र संघटनांचे लोक यांच्यासाठी कळवण्याजोग्या गुन्ह्यांची यादी होती. त्या यादीत खून, हल्ला, अपहरण, लाचखोरी, स्फोटके बाळगणे, खोटी साक्ष इतकेच नव्हे, तर व्हिसाच्या नियमांचे उल्लंघनही होते. अमली पदार्थांचे गुन्हे तिच्यात नव्हते. स्मिथ यांच्या पत्रात म्हटले होते की, अमली पदार्थविरोधी यंत्रणेला सीआयएकडून मिळत असलेले चांगले सहकार्य लक्षात घेता, अशा गुन्ह्यांची माहिती कळवण्याची औपचारिक अट या कार्यपद्धतीत घातलेली नाही. २ मार्च १९८२ रोजी केसी यांनी उत्तर पाठवून समाधान व्यक्त केले. ही व्यवस्था १९९५पर्यंत, म्हणजे काँट्रा युद्धाचा संपूर्ण काळ आणि त्यानंतरची काही वर्षे, अमलात राहिली.

हे पत्र पुन्हा एकदा सावकाश वाचावे, ही माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. त्यात कोणताही कट नाही. कोणी कोणाला कोकेन विकायला सांगितलेले नाही. एका सुशिक्षित कायदेमंत्र्याने, सभ्य भाषेत, स्वतःच्या सहीने, एका शक्तिमान संस्थेला असे सांगितले की, तुमच्यासाठी काम करणारा माणूस कोकेनची वाहतूक करतो हे तुम्हांला कळले, तरी ते आम्हांला कळवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. सरकार अमली पदार्थांच्या व्यापाराला कसे सामील होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. तिथे गुप्त बैठक लागली नाही, प्रयोगशाळा लागली नाही, द्वेषाची योजनाही लागली नाही. नियमातून एक ओळ गाळली गेली आणि तेवढे पुरेसे झाले.

हे पत्र जगाला कळले १९९८मध्ये. ते कळण्याचे श्रेय गॅरी वेब यांच्याकडे जाते, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट चुकीची सांगितली जाते याचे मला विशेष वाईट वाटते.

वेब हे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे मर्क्युरी न्यूज या वर्तमानपत्राचे वार्ताहर होते. १९९६च्या ऑगस्टमध्ये त्यांची तीन भागांची लेखमाला प्रसिद्ध झाली. तिचा आधार मुख्यतः न्यायालयीन कागदपत्रे आणि साक्षी हा होता. दानिलो ब्लांडोन आणि नॉर्विन मेनेसेस हे निकाराग्वाचे तस्कर, त्यांच्याकडून माल घेणारा लॉस एंजेलिसचा ‘फ्रीवे’ रिक रॉस आणि त्या पैशांतून काँट्रांना गेलेला वाटा, अशी ती साखळी होती. रॉसला जन्मठेप झाली, ती पुढे कमी होऊन तो २००९मध्ये सुटला. ब्लांडोन मात्र सुमारे २८ महिन्यांच्या तुरुंगवासानंतर बाहेर आला आणि अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा पगारी खबरी झाला. त्याला १ लाख ६६ हजार डॉलरहून अधिक मोबदला मिळाला. रॉसला पकडण्याचा सापळाही त्याच्याच मदतीने रचला गेला होता. साक्षीदार म्हणून आलेला मूळ पुरवठादार आणि आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचे गिऱ्हाईक, हे चित्र आपल्याकडच्या न्यायालयांतही अनोळखी नाही.

वेब यांच्या लेखनात उणिवा होत्या. ब्लांडोनने काँट्रांना नेमके किती वर्षे आणि किती पैसे दिले याचा अंदाज त्यांनी ठाम आकड्यासारखा मांडला, आणि एकाच टोळीवर क्रॅकच्या साऱ्या साथीचा भार टाकला. वस्तुस्थिती अशी आहे, की कोलंबियाच्या कोकेनचा पुरवठा वाढून किंमत कोसळल्यावर क्रॅक जवळपास एकाच काळात मायामी, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये दिसू लागले. पुडीचा दर पाच-दहा डॉलरवर आल्याने ते गरिबांच्या वस्तीत पोहोचले. ब्लांडोन नसता, तरी ते आले असते. शिवाय वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर सीआयएच्या बोधचिन्हावर क्रॅक ओढणाऱ्या माणसाची आकृती टाकली गेली होती. लेखमालेतल्या शब्दांहून ते चित्र कितीतरी अधिक बोलत होते आणि पुढे ते काढून टाकावे लागले. आपण आपल्या व्हिडिओंना जी मुखचित्रे लावता, ती लावताना हा प्रसंग आठवावा.

मात्र सीआयएने कृष्णवर्णीयांना लक्ष्य करण्यासाठी क्रॅक पसरवले, असे वेब यांनी कुठेही लिहिले नव्हते. ते लोकांनी त्यात वाचले. वाचण्याला कारणही होते. ज्या समाजाने टस्कीगीमध्ये १९३२पासून १९७२पर्यंत सरकारी आरोग्य खात्याला सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता त्यांचे निरीक्षण करीत बसलेले पाहिले, त्याने सरकारबद्दल वाईटात वाईट शक्यता खरी मानली, तर त्याला भोळा म्हणता येणार नाही. त्यातच १९८६चा अमेरिकेचा अमली पदार्थविरोधी कायदा होता. विक्रीसाठी पाच ग्रॅम क्रॅक बाळगणाऱ्याला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, ती पूड कोकेनसाठी पाचशे ग्रॅमवर होती. क्रॅकसाठी या कायद्याखाली शिक्षा होणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एकचे प्रमाण २०१०मध्ये अठरास एकवर आले. पूर्ण समान ते अजूनही झालेले नाही. हा अन्याय कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता. त्यासाठी कोणत्याही गुप्त कटाचा आधार लागत नाही.

१५ नोव्हेंबर १९९६ रोजी सीआयएचे तत्कालीन संचालक जॉन डॉइच स्वतः दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या लॉक हायस्कूलच्या सभागृहात आले. गुप्तहेर संस्थेचा प्रमुख अशा वस्तीतल्या लोकांच्या प्रश्नांना तोंड देतो, ही घटना अपूर्व होती. सभागृह भरलेले होते, लोक संतापलेले होते, आपल्या घरातली मुले गमावलेली माणसे उठून बोलत होती. डॉइच यांनी महानिरीक्षकांकडून चौकशीचे आश्वासन दिले. पुढे तो अहवाल निघाला, ते १९८२चे पत्र बाहेर आले, त्यामागे त्या सभागृहातल्या लोकांचा रेटा होता. आपल्या कार्यक्रमांत ही माणसे केवळ बळी म्हणून येतात. त्यांनी एका महासत्तेच्या गुप्तहेर संस्थेला लेखी उत्तर द्यायला लावले, हे आपण सांगत नाही.

मोठ्या वर्तमानपत्रांनी काय केले? १९९६च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आणि लॉस एंजेलिस टाइम्स या तिघांनीही लांबलचक खंडने छापली. लॉस एंजेलिस टाइम्सने या कामाला १७ वार्ताहर लावले. त्यांनी वेब यांचा वाढवून सांगितलेला भाग धरला, त्यांनी न केलेले विधानही त्यांच्या नावावर धरले आणि दोन्ही खोडून काढले. केरी समितीने जे सात वर्षांपूर्वी नोंदवले होते, त्याचा पाठपुरावा करण्यासाठी १७ वार्ताहर कोणीच लावले नाहीत. १९९७च्या मे महिन्यात वेब यांच्याच संपादकांनी लेखमाला काही बाबतींत कमी पडल्याची कबुली देणारा लेख लिहिला. वेब यांची बदली एका दूरच्या शाखेत झाली आणि त्या वर्षअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा कोणत्याही मोठ्या दैनिकात त्यांना नोकरी मिळाली नाही. २००४च्या डिसेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. अधिकृत तपासणीचा निष्कर्ष आत्महत्येचा होता, त्यांनी चिठ्ठी मागे ठेवली होती आणि त्यांच्या जवळच्या माणसांनीही तो निष्कर्ष स्वीकारला. त्यांचा खून झाला असे सांगणारे व्हिडिओ आजही मराठीत लाखो लोक पाहतात. कृपया ते थांबवा. एका चांगल्या वार्ताहराची उपजीविका, प्रतिष्ठा आणि उमेद त्याच्याच व्यवसायातल्या लोकांनी दिवसाढवळ्या, आपापल्या नावांनिशी हिरावून घेतली. खुनाची कथा सांगितली, की त्या सर्वांची जबाबदारी कोणा अज्ञात मारेकऱ्यावर ढकलली जाते.

महानिरीक्षक फ्रेडरिक हिट्झ यांच्या अहवालाचा पहिला खंड १९९८च्या जानेवारीत आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये आला. सीआयएने किंवा तिच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकेत अमली पदार्थ आणण्याचा कट केल्याचा पुरावा सापडला नाही, असे त्यात आहे. काँट्रा मोहिमेला मदत करणाऱ्या ज्या व्यक्तींवर अमली पदार्थांच्या व्यापाराचे आरोप होते, त्यांच्याशी असलेले संबंध संस्थेने तत्परतेने आणि सातत्याने तोडले नाहीत, असेही त्यात आहे आणि मार्चमध्ये हिट्झ यांनी काँग्रेसच्या समितीपुढे तशी साक्षही दिली. दुसरा खंड आला तेव्हा अमेरिकेचे सारे लक्ष अध्यक्ष क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाकडे होते. ज्या वर्तमानपत्रांनी वेब यांच्यावर पानेच्या पाने खर्च केली होती, त्यांनी या खंडाला त्या मानाने फारच थोडी जागा दिली. २०००मध्ये प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीनेही कटाचा आरोप फेटाळला आणि विषय मिटल्यासारखा झाला. फेटाळायला मोठा आरोप हाताशी होता, म्हणून तो इतक्या सहज मिटला.

आपण मराठी माणसांनी या विषयाकडे विशेष जबाबदारीने पाहावे, असे मला वाटते. सरकार आणि अमली पदार्थ यांचे नाते आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३मध्ये बंगालच्या अफूवर मक्तेदारी बसवली, कलकत्त्यात तिचे जाहीर लिलाव केले. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाऊ लागली, तेव्हा १८३०च्या सुमारास तिच्यावर परवान्याचे शुल्क लावून त्यातूनही महसूल काढला. मुंबईच्या कित्येक जुन्या इमारती, रुग्णालये आणि देणग्या यांच्या मागे त्या व्यापाराचा पैसा आहे. त्यात काहीही लपलेले नव्हते. हिशेब छापले जात होते, जहाजांच्या तारखा वर्तमानपत्रांत येत होत्या.

आणि आजचेही पाहा. २०१०मध्ये गोव्यात अमली पदार्थविरोधी पथकातल्याच पोलिसांना विक्रेत्यांशी संगनमत केल्याच्या आरोपाखाली अटक झाली, प्रकरण विधानसभेपर्यंत गेले, सभागृह समिती नेमली गेली. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या गुन्ह्यातला आरोपी पळाला आणि आठवडाभर महाराष्ट्र दुसरे काही बोलत नव्हता. त्या आठवड्यातले बहुतेक व्हिडिओ कोणत्या मंत्र्याचा कोणाशी फोटो आहे यावर होते. फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही आणि ज्यांचे फोटो होते त्यांनी ते सहज झटकून टाकले. आरोपीला महिनोन्‌महिने रुग्णालयात ठेवण्याच्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या होत्या, वैद्यकीय कारण काय लिहिले होते, कारागृहाने त्याची फेरतपासणी मागितली होती का, हे प्रश्न नीरस वाटतात. पण त्या सह्या झटकून टाकता येत नाहीत.

आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे १९८५च्या अधिनियमात, कलम ५९ आहे. या कायद्याखाली कर्तव्य बजावणारा अधिकारी, किंवा या कायद्याखालच्या आरोपीला ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशी व्यक्ती, जाणूनबुजून गुन्ह्याला साथ देत असेल किंवा त्याकडे डोळेझाक करीत असेल, तर तिला किमान १० वर्षे आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे, शिवाय किमान १ लाख रुपये दंड. शिक्षा मोठ्या तस्कराइतकीच. पण त्याच कलमात पुढे असेही आहे, की केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वमंजुरी घेऊन केलेली लेखी फिर्याद असल्याखेरीज कोणतेही न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. म्हणजे सरकारी माणसाने साथ दिली का, हे न्यायालयात तपासायचे की नाही, ते आधी सरकार ठरवते. इतकी वर्षे या कायद्याखालचे खटले लढवताना कलम ५९ खाली चाललेला खटला माझ्यासमोर एकदाही आलेला नाही. १९८२च्या त्या अमेरिकी पत्राची आठवण मला होते ती इथे.

म्हणून आपणांस माझ्या काही ठोस विनंत्या आहेत. सीआयए आणि क्रॅकवर आपण पूर्वी केलेले भाग काढून टाकावेत असे मी म्हणत नाही. त्यांच्या वर्णनात स्पष्ट दुरुस्ती लिहावी आणि ‘सीआयएने क्रॅक बनवले’ या अर्थाची मुखचित्रे बदलावीत. नवा भाग कराल, तेव्हा केरी समितीचा अहवाल, हिट्झ यांचे दोन खंड आणि ११ फेब्रुवारी १९८२चे पत्र पडद्यावर दाखवावे आणि त्यातला मजकूर मराठीत जसाच्या तसा वाचून दाखवावा. ही तिन्ही कागदपत्रे इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत, आणि मजकुराच्या कायदेशीर भाषेत कुठे अडले, तर अर्थ लावून द्यायला मी आणि माझे सहकारी आनंदाने तयार आहोत. त्यासाठी मोबदल्याची किंवा नावाचा उल्लेख होण्याची आमची अपेक्षा नाही.

आपल्याकडच्या प्रकरणांबाबत माझी मागणी अधिक नेमकी आहे. आपणांपैकी ज्यांचे लाखो प्रेक्षक आहेत, त्यांनी महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या गृह खात्यांकडे माहिती अधिकाराखाली एकच अर्ज करावा: गेल्या दहा वर्षांत कलम ५९ खाली पूर्वमंजुरीचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि किती उत्तराविना पडून आहेत. अर्जाची फी १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. जे उत्तर येईल, ते, किंवा उत्तर आले नाही तर तेही, तारखेसह आपल्या प्रेक्षकांना दाखवावे.

आपली नम्र,
अमली पदार्थांच्या खटल्यांत काम करणारी एक वकील
मुंबई